वायरलेस चिपच्या क्लॉकचं बारसं: डिव्हाइस ट्री बाइंडिंगमध्ये नाव कसं ठेवायचं

रॉकचिपच्या आरके३३९९ या प्रोसेसरवर बनलेल्या एखाद्या बोर्डची डीटीएस फाईल उघडा, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय हे लिनक्स कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्री. तिच्यातला एकेक भाग म्हणजे नोड, आणि नोडमध्ये काय नि कसं लिहायचं याचा नियम म्हणजे बाइंडिंग. वायफाय आणि ब्लूटूथची एकच चिप आहे, आणि तिला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्लॉक आरके८०८ या पीएमआयसीतून, म्हणजे बोर्डचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपमधून येतो. पीएमआयसीच्या नोडमध्ये या आउटपुटचं नाव सापडेल 'आरके८०८-क्लॉकआउट२'. एसडीआयओच्या (वायफाय जोडणाऱ्या बसच्या) पॉवर-सिक्वेन्स नोडमध्ये तोच क्लॉक 'एक्स्ट_क्लॉक' होतो आणि ब्लूटूथच्या नोडमध्ये 'एलपीओ' (लो-पॉवर ऑसिलेटर). तार एकच, नावं तीन.

नवीन माणसाला वाटतं कुणीतरी गोंधळ घातलाय, आणि तो उत्साहाने तिन्ही नावं सारखी करायला बसतो. करू नका. ती तिन्ही बरोबर आहेत. का बरोबर आहेत हे कळलं की या विषयातलं अर्धं काम झालं.

एक खुलासा: इथे सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाईलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत जातात. डॅश आणि अंडरस्कोर मात्र जसेच्या तसे ठेवायचे.

हे नाव सासरचं आहे

'क्लॉक्स' आणि 'क्लॉक-नेम्स' या दोन प्रॉपर्टी क्लॉक वापरणाऱ्याच्या नोडमध्ये बसतात. 'क्लॉक्स'मध्ये क्लॉक कुठून येतो ते लिहायचं, 'क्लॉक-नेम्स'मध्ये तो आपल्या कुठल्या पायावर (पिनवर) येतो ते. म्हणजे नाव इनपुटचं असतं, सिग्नलचं नव्हे. माहेरी त्या क्लॉकला काय म्हणत होते याच्याशी सासरच्या नोडला देणंघेणं नाही. उद्या बोर्ड बदलला, पीएमआयसीऐवजी सुटा ऑसिलेटर बसवला, तरी चिपचा पाय तोच राहतो, म्हणून नावही तेच राहतं. बदलतो फक्त 'क्लॉक्स'मधला पत्ता.

जवळून बघायचं तर असं दिसतं:

पॉवर-सिक्वेन्स {
    कम्पॅटिबल = "एमएमसी-पीडब्ल्यूआरसेक-सिंपल";
    क्लॉक्स = <&आरके८०८ १>;
    क्लॉक-नेम्स = "एक्स्ट_क्लॉक";
};

ब्लूटूथ {
    क्लॉक्स = <&आरके८०८ १>;
    क्लॉक-नेम्स = "एलपीओ";
};

पत्ता दोन्हीकडे एकच आहे: आरके८०८चं १ क्रमांकाचं आउटपुट (मोजणी ० पासून, म्हणून हेच क्लॉकआउट२). नाव वेगळं, कारण विचारणारे दोन वेगळे ड्रायव्हर आहेत आणि दोघांची बाइंडिंगं वेगळी आहेत. पॉवर-सिक्वेन्सचं बाइंडिंग कुठल्याही एसडीआयओ कार्डासाठी आहे. त्याला आत कुठली चिप आहे ते माहीतच नाही, तेव्हा 'कार्डाला बाहेरून दिलेला क्लॉक' यापेक्षा जास्त ते काय म्हणणार? ब्लूटूथचं बाइंडिंग ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी लिहिलेलं आहे, त्याला चिपचा तो पाय नेमका ठाऊक आहे.

मग तोच क्लॉक दोन ठिकाणी लिहायचा कशाला? एसडीआयओवरची वायफाय चिप जागी होऊन उत्तर देईपर्यंत लिनक्सला ती दिसतच नाही. ड्रायव्हर चिप सापडल्यावर येतो, आणि चिप सापडायला क्लॉक आधी लागतो. ही कोंडी फोडायला पॉवर-सिक्वेन्स आहे. ब्लूटूथ मात्र यूआर्टवर (सिरियल पोर्टवर) बसलेलं वेगळं बिऱ्हाड. त्याने स्वतःचा हक्क लावून ठेवला नाही, तर वायफाय बंद होताना क्लॉकही बंद होईल आणि ब्लूटूथ अंधारात जाईल. कर्नल प्रत्येक क्लॉकचे किती जण वापर करताहेत ते मोजतो आणि शेवटचा सोडून गेल्यावरच तो बंद करतो. त्यामुळे दोघांनी मागण्यात काही नुकसान नाही.

पहिली पायरी: सर्किट आणि डेटाशीट

एडिटर उघडण्याआधी सर्किट उघडा. वायरलेस चिपला साधारण दोन प्रकारचे क्लॉक लागतात. एक वेगवान, मेगाहर्ट्झमधला, ज्यावरून रेडिओची वारंवारता तयार होते. सायप्रेसच्या (मूळच्या ब्रॉडकॉमच्या) ४३४३८ मध्ये तो ३७.४ मेगाहर्ट्झचा असतो. दुसरा संथ, ३२.७६८ किलोहर्ट्झचा, चिप झोपलेली असताना वेळ मोजायला. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. १५ वेळा निम्मं केलं की बरोबर १ सेकंद. घड्याळातला तोच क्रिस्टल इथे येतो.

आता प्रश्न असा, की यातलं डिव्हाइस ट्रीत काय लिहायचं? चिपच्या दोन पायांना थेट क्रिस्टल जोडला असेल, तर ऑसिलेटर चिपच्या पोटातच आहे. बाहेरून क्लॉक येतच नाही. ते 'क्लॉक्स'मध्ये लिहीत नाहीत. ब्रॉडकॉमच्या ब्लूटूथ बाइंडिंगमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, की हा बाहेरचा संदर्भ क्लॉक आहे, सुटा क्रिस्टल नव्हे. पीएमआयसी, एसओसी (मुख्य प्रोसेसर चिप) किंवा स्वतंत्र ऑसिलेटरकडून तयार लाट येत असेल तेव्हाच ती लिहायची.

संथ क्लॉकची एक गंमत आहे. ४३४३८ सारख्या चिपमध्ये आतलाच एक कामचलाऊ ऑसिलेटरही असतो. बाहेरचा क्लॉक नसला तरी चिप त्यावर चालते. पण त्याची अचूकता इतकी ढोबळ, की राउटरचा बीकन (ठरावीक वेळाने येणारा संदेश) चुकू नये म्हणून चिपला आधीच उठावं लागतं आणि थोडी जास्त बॅटरी जाते. बाहेरच्या क्लॉकसाठी डेटाशीट २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भागांच्या) आत राहा म्हणते. चिप आतल्या ऑसिलेटरवरही चालते, म्हणून हा बाहेरचा क्लॉक बाइंडिंगमध्ये ऐच्छिक असतो. हे 'ऐच्छिक' पुढे फार त्रास देणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: आधीच्यांनी काय नाव ठेवलंय ते बघा

कर्नलच्या 'डॉक्युमेंटेशन/डिव्हाइसट्री/बाइंडिंग्ज/नेट' या फोल्डरमध्ये ब्लूटूथ आणि वायरलेसची बाइंडिंगं सापडतात. नवीन नाव शोधण्याआधी तिथे अर्धा तास घालवा. मात्र तिथे सापडलेलं प्रत्येक नाव आदर्श समजू नका.

ब्रॉडकॉमच्या ब्लूटूथमध्ये दोन नावं आहेत: संथ क्लॉकला 'एलपीओ' आणि वेगवान क्लॉकला टी-एक्स-सी-ओ. हार्डवेअरवाल्यांना इथे खटकेल. तापमानानुसार स्वतःला सावरणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरला सगळी दुनिया टी-सी-एक्स-ओ म्हणते. बाइंडिंगमध्ये मधली दोन अक्षरं उलटी झाली आणि तशीच राहिली. आता ती दुरुस्त करता येत नाहीत, कारण जगभरच्या बोर्डांच्या फाईलींत तेच स्पेलिंग गेलंय आणि ड्रायव्हर तेच शोधतो. तुम्हीही त्या चिपसाठी लिहिताना उलटंच लिहायचं. बारशाला चुकीचं नाव पडलं की दाखल्यावरही तेच येतं, तसं.

त्याच क्लॉकचं त्याआधीचं नाव होतं 'एक्स्टसीएलके', म्हणजे बाहेरचा क्लॉक. ते आता बाद केलंय. का, ते पुढच्या उदाहरणावरून कळेल. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ब्लूटूथ बाइंडिंगमध्ये 'एक्स्ट_क्लॉक' नावाचा इनपुट आहे. हायकी बोर्डवर त्यात पीएमआयसीचा ३२ किलोहर्ट्झचा क्लॉक जातो. म्हणजे जवळजवळ सारखंच नाव, एकीकडे वेगवान क्लॉकला आणि दुसरीकडे संथ क्लॉकला. 'बाहेरचा' हे नाव नाहीच मुळी. 'क्लॉक्स'मध्ये जे येतं ते सगळं बाहेरचंच असतं.

बाकीच्यांचं थोडक्यात: मायक्रोचिपच्या विल्क१००० ला 'आरटीसी', क्वालकॉमच्या डब्ल्यूसीएन३९९० वायफायला 'सीएक्सओ_रेफ_सीएलके_पिन' असं लांबलचक, आणि क्वालकॉमच्या ब्लूटूथला नावच नाही, एकच क्लॉक आहे, ड्रायव्हर नाव न विचारता उचलतो. टेक्सासच्या जुन्या वायफाय चिपांत तर क्लॉकची जोडणी न लिहिता त्याची वारंवारता आकड्यात लिहितात. ती जुनी पद्धत, नवीन कामात उचलू नये.

तिसरी पायरी: नाव लागतंच का?

इनपुट एकच असेल आणि एकच राहणार असेल, तर 'क्लॉक-नेम्स' लिहू नका. कर्नलमधले बदल तपासणारे समीक्षक ते काढायला सांगतात, आणि बरोबर सांगतात. एकुलत्या एका मुलाला हाक मारायला 'अरे' पुरतं.

पण 'एकच राहणार' याची खात्री डेटाशीटवरून करा, आपल्या बोर्डवरून नव्हे. आपल्या बोर्डवर वेगवान क्लॉकच्या जागी क्रिस्टल असेल, दुसऱ्याच्या बोर्डवर ऑसिलेटर. बाइंडिंग चिपचं असतं, बोर्डचं नाही. ब्रॉडकॉमच्या ब्लूटूथ ड्रायव्हरने सुरुवातीला नाव न विचारता क्लॉक घेतला होता. नावं नंतर आली. त्याची किंमत ड्रायव्हरमध्ये आजही दिसते, ती पाचव्या पायरीत.

चौथी पायरी: नाव निवडणं

डेटाशीटमध्ये पायाला जे म्हटलंय तिथून सुरुवात करा, मग त्यातला कचरा काढा. 'क्लॉक', 'सीएलके', 'इन', 'पिन' ही शेपटं नकोत. प्रॉपर्टीचं नावच 'क्लॉक-नेम्स' आहे. प्रत्येक नावामागे पुन्हा 'क्लॉक' लावणं म्हणजे रावसाहेबसाहेब. चिपचं किंवा ब्लॉकचं नावही नको. 'क्लॉक१, क्लॉक२' तर नकोच, ती नावं नव्हेत, अनुक्रमांक आहेत, आणि अनुक्रम यादीत आधीच आहे. वारंवारता नावात घालायचा मोह होतो. माझ्या मते टाळावा. '३२के' हे त्या पायावर काय येतं ते सांगतं, तो पाय कशासाठी आहे ते सांगत नाही. 'एलपीओ' किंवा 'स्लीप' वाचून कळतं.

आणखी एक: ड्रायव्हरच्या सी कोडमधल्या व्हेरिएबलचं नाव बाइंडिंगमध्ये आणू नका. बाइंडिंग हार्डवेअरचं वर्णन करतं. त्यात लिनक्सचा किंवा ड्रायव्हरचा उल्लेखही नसावा असा कर्नलच्या मार्गदर्शक पानांचा आग्रह आहे, कारण तीच फाईल यू-बूट हा बूटलोडर किंवा एखादी बीएसडी ऑपरेटिंग सिस्टीमही वाचू शकते.

क्रमाचं वेगळं. बाइंडिंगमधली नावांची यादी वायएएमएल या फॉरमॅटमध्ये लिहिताना प्रत्येक जागेला ठरलेलं नाव द्यायचं, 'यापैकी कुठलंही, कुठल्याही क्रमाने' असं नाही. नाव असलं की क्रम कशाला, असं वाटतं. पण काही सॉफ्टवेअर नावाऐवजी क्रमांकाने उचलतं, आणि ठरलेला क्रम असला की तपासणीही सोपी होते. नवीन क्लॉक पुढे कधी वाढला तर तो शेवटी जोडायचा, मधे घुसवायचा नाही. दोन्ही इनपुट ऐच्छिक असतील तर ब्रॉडकॉमच्या बाइंडिंगमध्ये केलंय तसं वेगवेगळे पर्याय उघड लिहावे लागतात: फक्त वेगवान, फक्त संथ, किंवा दोन्ही याच क्रमाने. 'कमीत कमी एक' एवढं लिहून भागत नाही. तसं केलं तर यादीतला पहिलाच एकटा चालतो, दुसरा एकटा आला की तपासणी अडवते.

पाचवी पायरी: ड्रायव्हरची बाजू

ड्रायव्हर नाव देऊन क्लॉक मागतो तेव्हा कर्नल 'क्लॉक-नेम्स'ची यादी अक्षरशः जुळवत जातो. कितव्या जागी जुळलं तो क्रमांक घेतो आणि 'क्लॉक्स'मधल्या त्याच क्रमांकाचा क्लॉक देतो. नाव न देता मागितलं तर पहिला देतो. यंत्रणा एवढीच आहे.

आता ब्रॉडकॉमच्या ब्लूटूथ ड्रायव्हरचं बघा. वेगवान क्लॉक हवाय. तो आधी नवीन नावाने मागतो. नाही मिळाला तर बाद झालेल्या 'एक्स्टसीएलके' नावाने. तरी नाही, तर बिननावाने, कारण अगदी जुन्या फाईलींत नावच नव्हतं. त्या फाईली आजही चालल्या पाहिजेत, तेव्हा हे तिन्ही दरवाजे उघडे ठेवावे लागतात. पण समजा नोडमध्ये फक्त 'एलपीओ' आहे. पहिली दोन नावं जुळत नाहीत, तिसऱ्या वेळी बिननावाने मागितलं की पहिला क्लॉक मिळतो, आणि पहिला म्हणजे संथ क्लॉक! ड्रायव्हर त्यालाच वेगवान समजून बसतो. मग त्यापुढे 'एलपीओ' मागतो, आणि दोन्ही हातांत एकच क्लॉक आलाय का ते तपासून पहिला परत करतो. कोडमध्ये तशी टिप्पणीच आहे: चुकून एलपीओ दोनदा तर नाही ना घेतला. पहिल्या दिवशी न ठेवलेल्या नावाची ही वर्गणी.

तुमच्या ड्रायव्हरमध्ये जुनं नाव बदलायची वेळ आली तर हाच रस्ता आहे. नवीन नाव जोडा, जुन्याला बाइंडिंगमध्ये 'डेप्रिकेटेड' म्हणा, ड्रायव्हरमध्ये दोन्ही ठेवा. जुनं काढून टाकायचं नाही.

आणि तो ऐच्छिकपणाचा सापळा. 'ऐच्छिक' प्रकाराने क्लॉक मागितला आणि नाव सापडलं नाही, तर चूक येत नाही, रिकामा क्लॉक मिळतो. रिकामा क्लॉक सुरू करायला सांगितलं की कर्नल 'झालं' म्हणतो. माझे दोन दिवस यात गेलेत. एका बोर्डच्या फाईलमध्ये आधीच्या वेगवान क्लॉकचं नाव बरोबर होतं, पण 'एलपीओ'ची अक्षरं उलटसुलट पडून 'एलओपी' झालं होतं. लॉगमध्ये क्लॉकबद्दल चकार शब्द नाही, फक्त ब्लूटूथची बॉडरेट (यूआर्टचा वेग) बदलायची कमांड वेळेत पुरी न होता -११० म्हणून परत येत होती. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर थांबलं की ऑसिलोस्कोपवर ३२ किलोहर्ट्झ सुंदर दिसायचा. लिनक्स पूर्ण उठला की सपाट रेषा. हार्डवेअरवाले म्हणाले तुमचं सॉफ्टवेअर, आम्ही म्हणालो तुमचं हार्डवेअर. खरं कारण साधं होतं: बूटलोडरने क्लॉक सुरू ठेवला होता, लिनक्समध्ये त्याचा कुणी दावेदार नव्हता, आणि बूटच्या शेवटी कर्नल बेवारस क्लॉक बंद करतो.

असा संशय आला तर कर्नलच्या बूट ओळीत 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' घालून बघा. तेवढ्याने ब्लूटूथ चालू झालं तर क्लॉकचा दावा कुठेतरी हुकलाय. हे निदान आहे, औषध नाही. प्रॉडक्टमध्ये ती ओळ सोडून देणारे मी पाहिलेत.

चूक -५१७ दिसली तर घाबरू नका. क्लॉक देणारा अजून उठलेला नाही, ड्रायव्हर नंतर पुन्हा येईल. तुमच्या कोडने मात्र ती चूक गिळू नये, तशीच वर पाठवावी.

सहावी पायरी: तपासणी

वरचे दोन दिवस एका कमांडने वाचले असते. 'डीटीस्कीमा' हे पायथनचं पॅकेज आणि 'यॅमललिंट' टाका. 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' बाइंडिंगची फाईल आणि तिच्यातलं उदाहरण तपासतं, 'मेक डीटीबीएस_चेक' बोर्डांच्या फाईली बाइंडिंगवर घासून बघतं. सगळं चालवलं तर चहा होऊन येतो, म्हणून 'डीटी_स्कीमा_फाईल्स' मध्ये आपल्याच फाईलचं नाव द्या. चुकीचं नाव, चुकीचा क्रम, 'क्लॉक्स' नसताना लिहिलेलं 'क्लॉक-नेम्स', हे सगळं इथे पकडलं जातं. त्यासाठी बाइंडिंग वायएएमएलमध्ये असायला हवं. जुनी साधी टेक्स्ट फाईल असेल तर आधी ती बदला. ते नवख्यासाठी उत्तम पहिलं काम आहे.

सातवी पायरी: पाठवणं

बाइंडिंगचा पॅच (बदलांची फाईल) वेगळा आणि ड्रायव्हरच्या पॅचच्या आधी. शीर्षक 'डीटी-बाइंडिंग्ज:' ने सुरू. कुणाकुणाला पाठवायचं ते 'गेट_मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. बाइंडिंगचे मेंटेनर रॉब हेरिंग, क्रिस्तोफ कोझ्लोव्स्की आणि कॉनर डूली त्यात येतातच. तुम्ही नाव ठेवाल, ते नावं ठेवतील. मनावर घेऊ नका. कमिटच्या मजकुरात डेटाशीटमधला पाय कुठला, त्यावर काय येतं आणि तो ऐच्छिक का, या तीन गोष्टी लिहिल्या की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

शेवटी बोर्डवर

बोर्ड चालू करून डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाईलसिस्टीममधली) 'सीएलके_समरी' वाचा. आपल्या ३२ किलोहर्ट्झच्या ओळीत 'एनेबल काउंट' बघायचा. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालू असताना तो पॉवर-सिक्वेन्सचा एक आणि ब्लूटूथचा एक असा २ दिसला पाहिजे. ब्लूटूथ बंद करा, १ झाला पाहिजे. नव्या कर्नलमध्ये त्याच ओळीशेजारी कुणी आणि कुठल्या नावाने मागितलाय तेही दिसतं. तिथे 'एलपीओ' वाचलं की मग स्कोपचा प्रोब काढून ठेवायला हरकत नाही.